क्राफ्टच्या वेशातली पिल्सनर कशी चाखावी: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

शिक्षणासाठी पेनसिल्व्हेनियात आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी एका सुपरमार्केटमधून पिल्सनरचे चार कॅन विकत घेतले. कॅनवर जाडसर, खरखरीत कागदाचे लेबल होते. त्यावर हाताने काढल्यासारखे धान्याच्या कोठाराचे चित्र होते, हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) वेल होती आणि ‘छोट्या घाण्यात बनवलेली’ अशा अर्थाचा मजकूर होता. ही जवळपासच्या एखाद्या लहान ब्रुअरीची बिअर असणार असे समजून मी ती जवळजवळ दीड वर्ष घेत राहिलो आणि घरी येणाऱ्या मित्रांनाही कौतुकाने देत राहिलो. मग एका शनिवारी डाउनिंगटाउनच्या व्हिक्टरी ब्रुअरीत प्राइमा पिल्स ही त्यांची पिल्सनर नळावरून ताजी प्यायलो. घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला जो स्वच्छ, रेंगाळणारा कडवटपणा राहिला, तो माझ्या आवडत्या कॅनमध्ये मला कधीच जाणवला नव्हता. घरी येऊन कॅनवरची बारीक अक्षरे वाचली, थोडा शोध घेतला, तेव्हा कळले की ती ‘लहान ब्रुअरी’ म्हणजे देशातल्या एका बलाढ्य कंपनीचे केवळ व्यापारी नाव होते.

मला वाईट याचे वाटले की दीड वर्षात मी ती बिअर एकदाही नीट चाखली नव्हती; लेबलाने जे सांगितले तेच मला चवीत सापडत होते. नव्याने येणाऱ्यांचा हा गोंधळ टळावा म्हणून पुढची पद्धत क्रमाने लिहिली आहे. बिअर कोणी बनवली आणि ती चवीला कशी आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांपैकी चवीचा प्रश्न आधी सोडवायचा आणि मालकीचा नंतर, एवढे एक पथ्य सांभाळले तर बाकीचे जमत जाते.

१. पिल्सनर म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या प्लझेन शहरात १८३८ मध्ये खराब निघालेली ३६ पिंपे बिअर नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. त्यानंतर नागरिकांनी एकत्र येऊन नवी ब्रुअरी उभारली आणि योसेफ ग्रोल या बव्हेरियातल्या ब्रुअरला बोलावून घेतले. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा लावला. तिथले पाणी अतिशय मृदू होते, जवाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, फिकट भाजलेला होता, झाटेत्स भागातले साट्स जातीचे हॉप्स होते आणि यीस्ट थंडीत संथपणे काम करणारे होते. यातून सोनेरी, पारदर्शक आणि ठसठशीत कडू अशी बिअर तयार झाली. तीच आज पिल्सनर उर्केल या नावाने विकली जाते, आणि २०१७ पासून तिची मालकी असाही या जपानी कंपनीकडे आहे. मोठ्या कंपनीची म्हणून बिअर वाईटच असणार, असे गृहीत धरू नये, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पिल्सनरमध्ये दोष झाकायला जागा नसते. गडद भाजलेला माल्ट नाही, फळे नाहीत, मसाले नाहीत. त्यामुळे माल्टमध्ये कुठे हात आखडता घेतला किंवा टाकीतून बिअर घाईने काढली, तर ते चवीत उतरते. म्हणूनच नक्कल ओळखायला शिकायचे असेल तर पिल्सनरपासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

जर्मन स्थलांतरितांनी ही शैली १९ व्या शतकात अमेरिकेत आणली, तेव्हा इथल्या, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या जवात प्रथिने जास्त असल्यामुळे बिअर गढूळ होत असे. ती स्वच्छ आणि हलकी व्हावी म्हणून मका आणि तांदूळ वापरण्याची पद्धत पडली. तेव्हा मका किंवा तांदूळ म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. पुढे मात्र कडवटपणा कमी कमी होत गेला. कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. पिल्सनर ही ‘लागर’चा, म्हणजे थंडीत संथपणे आंबवलेल्या बिअरचा, एक प्रकार आहे. साध्या अमेरिकन लागरमध्ये कडवटपणा साधारण ८ ते १८, जर्मन पिल्समध्ये २२ ते ४० आणि चेक पिल्सनरमध्ये ३० ते ४५ असतो. हे तीन आकडे लक्षात ठेवा, चाखताना त्यांचा उपयोग होईल.

२. ‘क्राफ्ट’ या शब्दाचा अर्थ

लहान, स्वतंत्र ब्रुअऱ्यांच्या बिअरला ‘क्राफ्ट’ म्हणतात. अमेरिकेत अशा ब्रुअऱ्यांची चळवळ वाढली, तसे मोठ्या कंपन्यांनी त्यांचे रूप उचलले. कूर्स या मोठ्या कंपनीने १९९५ मध्ये ब्लू मून बाजारात आणली. ती गव्हाची बिअर असली तरी स्वतंत्र ब्रुअरीचे नाव पुढे करून विकण्याचा रस्ता तिने दाखवला. २०११ मध्ये बडवायझर बनवणाऱ्या अनहॉयझर-बुशने शिकागोची गूस आयलंड ब्रुअरी विकत घेतली. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रुअर्स असोसिएशन या संघटनेने अशा बिअरवर मालकाचे नाव स्पष्ट नसते, असा जाहीर आक्षेप घेतला.

या संघटनेच्या व्याख्येनुसार क्राफ्ट ब्रुअरचे वार्षिक उत्पादन ६० लाख बॅरलच्या आत असावे लागते, आणि क्राफ्ट ब्रुअर नसलेल्या मद्यकंपनीकडे त्या ब्रुअरीची २५ टक्के किंवा त्याहून अधिक मालकी असून चालत नाही. अमेरिकन बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर. म्हणजे ही मर्यादा जवळजवळ ७० कोटी लिटरची झाली. ‘लहान’ या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे येते त्यापेक्षा हे फारच मोठे आहे. २०१४ मध्ये मका-तांदूळ वापरण्यासंबंधीची अट सैल झाली आणि पॉट्सव्हिलची १८२९ पासून चालत आलेली युएंगलिंग ब्रुअरी व्याख्येत बसली. थोडक्यात, ‘क्राफ्ट’ हा शब्द मालकी आणि आकार सांगतो, चवीबद्दल काहीच सांगत नाही.

३. कागदपत्रे आणि सामान

- वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली असणे आवश्यक आहे.
- मूळ पासपोर्ट किंवा राज्याचे ओळखपत्र. भारतातला वाहन परवाना अनेक दुकाने स्वीकारत नाहीत, आणि पासपोर्टचा मोबाइलवरचा फोटो तर बहुधा कुठेच चालत नाही.
- तपासायची पिल्सनर, शक्यतो कॅनमध्ये.
- तुलनेसाठी एक चांगली पिल्सनर. मी प्राइमा पिल्स (५.३ टक्के) किंवा पिल्सनर उर्केल (४.४ टक्के) घेतो.
- तुलनेसाठीच एक साधी, स्वस्त, कुठलाही आव न आणणारी अमेरिकन लागर. ही सर्वांत महत्त्वाची आहे. कारण पुढे येईलच.
- दोन स्वच्छ काचेचे ग्लास आणि सारख्या मापाचे तीन स्टीलचे पेले.
- कोमट पाणी, साधा पाव किंवा कुरमुरे, वही आणि पेन.

चाखण्याआधी तासभर चिवडा, बाकरवडी, लोणचे खाऊ नका. तेलाने फेस मरतो आणि तिखटाने जीभ बधिर होते. मित्रमंडळी जमली की आधी ताटल्या भरायच्या, ही आपली सवय त्या दिवसापुरती बाजूला ठेवावी लागते.

४. खरेदी करताना

पेनसिल्व्हेनियात सुपरमार्केटच्या वेगळ्या काउंटरवर बिअर मिळते आणि एका वेळी १९२ औंसच, म्हणजे १२ औंसांचे जास्तीत जास्त १६ कॅन, घेता येतात. अनेक दुकानांत सुटे कॅन निवडून स्वतःचा सहाचा संच बनवता येतो. नवख्यासाठी ही सोय फार चांगली आहे, कारण तीन प्रकार तपासायला प्रत्येकी दोन कॅन पुरतात. इतर राज्यांत नियम वेगळे असतात, तेव्हा आधी विचारून घ्या.

दुकानात लेबलावरचे एकच वाचा, ते म्हणजे तारीख, आणि तीही कॅनच्या तळाशी. भरल्याची तारीख दिलेली असेल तर तीन महिन्यांच्या आतला कॅन निवडा. काही ठिकाणी तारखेऐवजी वर्षातला कितवा दिवस ते छापतात. ०४५ म्हणजे १४ फेब्रुवारी. शिळ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, आणि तशी चांगली पिल्सनर तुलनेला घेतलीत तर निकाल उलटा लागेल. दुकानातल्या दिव्याखाली उभ्या असलेल्या हिरव्या किंवा पांढऱ्या बाटल्याही टाळा. प्रकाशामुळे हॉप्समधल्या कडू द्रव्यांचे विघटन होऊन स्कंक नावाच्या प्राण्यासारखी दुर्गंधी येते. नवख्यांना पुष्कळदा तोच ‘परदेशी बिअरचा वास’ वाटतो.

उरलेले कॅन नेताना गाडीच्या डिकीत ठेवा, आणि उघडलेला कॅन गाडीत आणूच नका. चाखण्याचा कार्यक्रम असेल त्या दिवशी गाडी चालवू नका. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून नुसती अटक झाली, तरी परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. आपल्यासारख्यांच्या बाबतीत ही गोष्ट दंडावर निभावत नाही.

५. ग्लास आणि तापमान

भांडी घासायच्या ज्या घासणीने आपण फोडणीची कढई घासतो, तिनेच ग्लास घासला तर त्यावर तेलाचा अदृश्य थर राहतो. ग्लास गरम पाण्याने वेगळा धुवा, मग ओल्या ग्लासाच्या आत चिमूटभर मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखे चिकटले तर ग्लास स्वच्छ आहे; मध्येच कोरडे पट्टे दिसले तर तिथे तेल आहे. माझ्या पहिल्या प्रयोगात ग्लासाच्या अर्ध्या भागावर मीठ टिकलेच नव्हते, आणि फेस लगेच बसतो म्हणून मी बिअरला दोष देत होतो.

फ्रीजमधून काढलेली बिअर लगेच ओतू नका. दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवून ६ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत येऊ द्या. बर्फासारख्या थंड बिअरमध्ये वास दबतो आणि सगळ्या लागर सारख्याच लागतात.

६. प्रत्यक्ष चाखणे

एका ग्लासात चांगली पिल्सनर आणि दुसऱ्यात तपासायची पिल्सनर, प्रत्येकी साधारण १०० मिलिलिटर, फेस येईल अशा बेताने ओता. फेस किती दाट आहे, किती वेळ टिकतो आणि घोटागणिक काचेवर जाळी सोडतो का, ते पाहा. माल्टमधली प्रथिने आणि हॉप्समधली कडू द्रव्ये मिळून फेस धरतात, त्यामुळे दोन्हींत काटकसर असेल तर फेस लवकर बसतो. रंग आणि गढूळपणा यांवर फार विसंबू नका. थोडी धूसर बिअर ‘हाताने बनवलेली’ वाटते हे मोठ्या कारखान्यांनाही ठाऊक असते.

आता वास घ्या. चांगल्या पिल्सनरमध्ये ताज्या पावाच्या कडेचा किंवा तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या पोळीचा वास येतो आणि त्यावर साट्ससारख्या हॉप्सचा ओल्या गवताचा, मिऱ्याचा हलका वास असतो. नकलेत हा पाया बहुधा कमी आणि वरचा मुलामा जास्त असतो, म्हणजे संत्र्याच्या सालीचा किंवा लिंबाचा वास एकदम अंगावर येतो आणि पाचेक मिनिटांत विरतो. त्याखाली मग काय उरले आहे ते हुंगा. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास हा फिकट माल्टचा रस पुरेसा न उकळल्याने राहू शकतो. हिरव्या सफरचंदाचा वास यीस्टला काम पुरे करू न दिल्याचे लक्षण असू शकते. लोण्याचा वास चेक पिल्सनरमध्ये अगदी पुसट असेल तर चालतो, पॉपकॉर्नच्या पिशवीइतका असेल तर नाही. मोठ्या कारखान्यांत पुष्कळदा दाट रस आंबवून शेवटी त्यात पाणी मिसळतात; तसे करताना पिकलेल्या केळ्यासारखा फळाळ वास वाढू शकतो.

मग घोट घ्या आणि गिळा. वाईन चाखताना थुंकतात, पण पिल्सनरचे खरे मर्म गिळल्यानंतरच कळते. घड्याळाकडे बघत मनात आकडे मोजा. चांगल्या पिल्सनरमध्ये आधी माल्टची किंचित गोडी येते, मग कडवटपणा चढतो, जिभेच्या मुळाशी दहा-पंधरा सेकंद थांबतो आणि तोंड कोरडे, स्वच्छ करून जातो; लगेच पुढचा घोट घ्यावासा वाटतो. माझ्या त्या जुन्या कॅनची नोंद वहीत अशी आहे: ‘वास छान, संत्र्याचा. मध्ये पाणचट, भाताच्या पेजेसारखे. कडवटपणा तीन सेकंद. शेवटी ओठांवर गोडसर चिकटपणा.’ ही नोंद मी लेबल झाकून केली होती. वरच्या तीन आकड्यांतला पहिला, म्हणजे साध्या लागरचा आकडा, चव म्हणून कसा असतो, हे मला तेव्हा प्रथम समजले.

दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाणी प्या, पावाचा तुकडा खा आणि क्रम बदलून पुन्हा चाखा. जास्त कडू बिअरनंतर कमी कडू बिअर गोड भासतेच, त्यामुळे एकाच क्रमाने चाखून निकाल देणे अन्यायाचे ठरेल.

७. तीन पेल्यांची परीक्षा

तीन पेल्यांची ही परीक्षा ब्रुअऱ्यांतही वापरतात, आणि ती घरी सहज करता येते. स्टीलचे पेले इथे उपयोगी पडतात, कारण त्यांत रंग कळत नाही. आईने सामानात घालून दिलेले माझे तीन पेले आता याच कामाला लागले आहेत.

तुमच्या पाठीमागे मित्राने दोन पेल्यांत एकच बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी चार-पाच घोट, ओतावी. वेगळा पेला कोणता ते तुम्ही ओळखायचे. अंदाजाने ठोकले तरी तीनातून एकदा बरोबर येणारच, म्हणून एका फेरीवर काही ठरत नाही. सहा फेऱ्यांत किमान पाच वेळा नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी आहे. तेव्हा सहापैकी पाच ही कसोटी धरा. सहाही फेऱ्या एकट्याने एका दिवशी करू नका. तीन आज आणि तीन उद्या करा, किंवा सहा जणांनी प्रत्येकी एक फेरी करा.

आधी तपासायची पिल्सनर आणि चांगली पिल्सनर यांची परीक्षा घ्या. मग तपासायची पिल्सनर आणि ती स्वस्त, साधी लागर यांची घ्या. नवखे लोक दुसरी जोडी नेमकी वगळतात, आणि खरा उलगडा तिथेच होतो. पहिल्या जोडीत मी सहापैकी सहा वेळा बरोबर ओळखले. दुसऱ्या जोडीत सहापैकी तीनदाच, म्हणजे जवळजवळ अंदाजाइतकेच. दीड वर्ष मी साध्या लागरहून बरेच जास्त पैसे मोजत होतो, आणि डोळ्यांआड ती मला साध्या लागरपासून वेगळी काढता येत नव्हती.

८. आता लेबल वाचा

अमेरिकेत बिअरच्या लेबलावर घटकांची यादी देण्याची सक्ती नाही, त्यामुळे मका आहे की तांदूळ हे तिथे सापडेलच असे नाही. नाव आणि ठिकाण मात्र द्यावे लागते. गावाचे नाव शोधा. गोल्डन, मिलवॉकी किंवा सेंट लुइस हे मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यांचे एखादे गाव दिसले तर पुढे चौकशी करायला हरकत नाही. मात्र छापलेले ठिकाण कंपनीचे मुख्य कार्यालय असू शकते, आणि ब्रुअरीचे नाव हे नोंदवलेले व्यापारी नाव असू शकते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे मद्य आणि तंबाखूवरचा कर पाहणाऱ्या टीटीबी या केंद्रीय खात्याची पब्लिक कोला रजिस्ट्री, म्हणजे मंजूर लेबलांची नोंदवही. ती संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तिथे ब्रँडचे नाव टाकले की मंजूर झालेल्या लेबलाचा अर्ज उघडतो आणि अर्जदाराचे नाव, पत्ता व व्यापारी नाव दिसते. माझ्या कॅनचा खुलासा मला तिथेच झाला. फक्त एकाच राज्यात विकल्या जाणाऱ्या बिअरची नोंद तिथे नसू शकते. स्वतंत्र ब्रुअऱ्यांसाठी २०१७ मध्ये आलेले उलट्या बाटलीचे चिन्ह कॅनवर असेल तर मालकीचा प्रश्न लगेच सुटतो. पण ते लावणे ऐच्छिक असल्याने ते नाही म्हणून संशय घेऊ नका.

दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतलेली बिअर म्हणजे नक्कल, असाही समज करून घेऊ नका. सॅम्युअल अ‍ॅडम्सची सुरुवातही १९८० च्या दशकात पिट्सबर्गच्या दुसऱ्या ब्रुअरीत बिअर बनवून घेऊनच झाली होती.

९. सुट्टीत पुण्याला गेलात तर

ही पद्धत तिथेही चालते, मात्र महाराष्ट्रात बिअरसाठीही वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली, त्यामुळे नळावरची ताजी बिअर मिळणे आता अवघड नाही. पिल्सनर मात्र दरवेळी असेलच असे नाही, कारण लागरसाठी टाकी कित्येक आठवडे अडकून पडते आणि गव्हाची बिअर त्यापेक्षा लवकर तयार होते. पिल्सनर असलीच, तर ती टाकीत किती आठवडे होती हे ओतणाऱ्याला आवर्जून विचारा. उत्तर वहीत लिहा आणि त्याच्या शेजारी गिळल्यानंतर मोजलेले सेकंद लिहा.